सुकेळीचा निबंध

निबंधाच्या क्लासला रचना महिनाभर फिरकली नव्हती. मनाला लागलं म्हणून अश्लेषा मॅडम चौकशीला तिच्या घरी निघाल्या, तर विरारला नंदाखाल गावच्या एसटीच्या रांगेत रचनाच पुढे उभी! मैत्रिणीशी बोलण्यात इतकी गुंग, की मागे कोण आहे याचा तिला पत्ताच नव्हता.

"निबंधस्पर्धेत सगळ्या कॉलेजांत पहिली? खरं सांग, मॅडमनीच लिहून दिलं ना?"

"छे गं! त्यांनी पेनला हात नाय लावला. मी 'भारत कृषिप्रधान देश' लिहून नेलेलं. म्हनाल्या, हे राहू दे, तुमच्याकडे सुकेळी कशी करतात ते सांग."

"त्यांना माहीत नाही?"

"बोळिंजच्या फ्लॅटात कुठून माहीत असनार? म्हटलं, पिकलेली केळी सोलून उन्हात घालायची. त्या म्हनाल्या, मग? मग संध्याकाळी पानांत गुंडाळायची. मग? मग काकी कावळ्यांना शिव्या घालते."

"शिव्याही लिहिल्यास?"

"सगळ्या! म्हनाल्या, बोललीस तश्शीच लिही."

"बस, एवढंच शिकवलं?"

"एवढंच. आता क्लास पन सोडला. लिहायला बसले की 'मग?' माझं मीच विचारते."

"आणि बक्षिसाच्या दिवशी?"

"परीक्षक म्हनाले, स्टेजवर वाचून दाखव. वाचता वाचता काकीच्या शिव्या आल्या आनि..."

तेवढ्यात एसटी आली आणि रचना पिशवी उचलायला वाकली. मॅडमना राहवेना.

"मग?"

मागे वळायच्या आधीच रचना ओरडली, "मग टाळ्याच टाळ्या, मॅडम!"