हितेंद्रच्या मागची बाग

सावद्याहून जळगावला जाणारी एसटी. पुढच्या सीटवर लताबाई आणि त्यांना मोबाइलवर लेन्स दाखवणारी भाची कामिनी.

“मावशी, कॅमेऱ्याला हीच लेन्स घेते. स्वस्त आहे, फिरायला गेलं तरी चालते आणि चेहरा तर असा उठून येतो, की मागचं सगळं धूसर.”

“मागचं म्हणजे काय?”

“आता स्थळांना पाठवायला हितेंद्रदादाचा फोटो काढायचाय ना? त्याच्या मागची तुमची केळीची बाग.”

“ती धूसर?”

“हो. नुसता दादा दिसेल.”

“नुसता दादा पाहून कोण पोरगी देईल, बाई?”

“मावशी, तुझाच मुलगा आहे तो.”

“म्हणून तर सांगते. दुकानदाराला विचार, बाग स्वच्छ दिसेल आणि पोरगा धूसर येईल, अशी एखादी आहे का.”