दसऱ्याच्या महिनाभर आधी लागलेलं दार

कुणाचं दार बंद दिसलं, की मला अजून अब्राजीकाका आठवतात बघा. निजामाच्या वक्ताला बीडात प्लेग आलता. काका दवाखान्यात कंपाउंडर, मूळचे कोकणातले यहुदी, आमचे शेजारी. सालातून एक दिवस ते घरच्यांसकट दार लावून उपास धरायचे, देवाकडं माफी मागायचे. आदल्या साली तो दिवस बराबर दसऱ्याला आलता. त्या साली मात्र दसरा महिनाभर लांब, आन् दार बंद! चूल न्हाई, हाकेला ओ न्हाई. गल्लीत उंदीर मरून पडलेले. मी दार बडवाया लागलो.

प्लेगची घरं तपासाया आलेला निजामाचा जवान म्हणाला, "सब मर गये रे, तोड दरवाजा!"

मी कुऱ्हाड उचलली, तोच आतून काका त्यांच्या भाषेत मोठमोठ्यानं प्रार्थना म्हणाया लागले. हात तसाच वर राहिला.

दुसऱ्या दिवशी दार उघडल्यावर मी लई भडकलो. "दसऱ्याच्या आधीच दार कावून लावलं?"

"अधिक महिना तुमच्या पंचांगात होता, आमच्या नव्हता. म्हणून तुमचा दसरा लांबला."

"आन् एक ओ द्यायला काय झालतं?"

"त्या दिवशी आम्ही फक्त देवाशी बोलतो, बाबा. म्हणून त्यालाच ओरडून सांगितलं, बाहेरच्याला आत्ताच माफ कर. दार तुटल्यावर माझ्या तोंडून ते निघायचं नाही!"