माझं कुलूप आणि डॉक्टरांचा खण

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांच्या निरोपासाठी हे सभागृह भरलं आहे ते आपले डॉक्टरसाहेब, उद्यापासून त्यांच्या खुर्चीत बसणाऱ्या नव्या डॉक्टरबाई, परिचारिका भगिनी आणि पंख्याखालच्या जागा आधीच पटकावून बसलेल्या मंडळींनो,

रुग्णांच्या नातेवाइकांतर्फे मी दोन शब्द बोलावेत असा हुकूम झाला. आता मी पडले शाळेतली खेळाची शिक्षिका. जन्मभर शिट्टी वाजवली, त्यामुळे दोन शब्दांत आटपणं माझ्या रक्तात नाही. फारच लांबलं तर अध्यक्ष महोदयांनी खुशाल टेबल वाजवावं.

इथल्या दिवस-विभागात व्यसन सोडू पाहणारा माणूस सकाळी येतो, दिवसभर उपचार घेतो आणि संध्याकाळी घरी जातो. तिथे कोणाला घ्यायचं आणि कोणाला आत वॉर्डातच ठेवायचं, हे ठरवायचं काम डॉक्टरसाहेबांचं. ऐकायला किती सोपं, नाही का? मलाही तसंच वाटलं होतं.

माझे जावई लिफ्ट दुरुस्त करतात. हातात कसब, पण दारूने त्याच हातांना कंप सुटला. लेकीने शेवटी त्यांना घराबाहेर काढलं, तसे ते एका पिणाऱ्या दोस्ताच्या खोलीवर जाऊन राहिले. वॉर्डात राहून अंगातली दारू उतरली, कंप थांबला. डॉक्टर म्हणाले, "दिवस-विभागाला हे अगदी योग्य आहेत. प्रकृती ठीक आहे, मनाची तयारी आहे. पण संध्याकाळी जाणार कुठे?" लेक म्हणाली, "माझ्याकडे नाही. बेल वाजली की माझी पोर अजून पलंगाखाली शिरते." मी तिच्यावर अशी भडकले म्हणता! डॉक्टरांनी मलाच गप्प केलं. "तिचं 'नाही' मला मान्य आहे. बळेच 'हो' म्हणवून घेतलेलं घर माझ्या काय कामाचं?"

आता वॉर्डातली खाट दुसऱ्याला लागणार होती. घर मिळालं नाही, तर जावई पुन्हा त्यांच्या त्या दोस्ताच्या खोलीवर, म्हणजे बाटलीशेजारीच. मी म्हटलं, माझ्याकडे येऊ देत. तर डॉक्टरांनी समोर बसवून माझीच मुलाखत सुरू केली.

"उशिरा आले तर काय कराल?"

मी पिशवीतून नवंकोरं कुलूप काढून टेबलावर ठेवलं. "उशिराचा प्रश्नच नाही. इथून सुटले की थेट घरात, आणि दाराला हे! खिसे तपासणार, तोंडाचा वास घेणार, चपला माझ्या कपाटात."

डॉक्टर गालातल्या गालात हसले. "बाई, एवढा बंदोबस्त आमच्या वॉर्डातसुद्धा नाही. मग त्यांना तुमच्याकडे पाठवू कशाला? तुम्ही नापास."

नापास! अहो, दुसऱ्यांना नापास करण्यात माझी हयात गेली!

"मग करू तरी काय?" मी आवाज चढवला.

"एरवी संध्याकाळी काय करता?"

"पत्ते मांडते. एकटीच."

"मग आता दोघं खेळा. एकच अट. ते पुन्हा प्यायले, तर झाकायचं नाही. मला सांगायचं."

मी कबूल केलं. कुलूप त्यांनी उचललं, खणात टाकलं आणि मला पास केलं.

पुढे कित्येक दिवस मी जावयांकडून रमीत सपाटून हरत होते. मग एका संध्याकाळी ते घरात आले आणि वास घ्यायला जवळ जायची गरजच पडली नाही. माझे पाय धरले त्यांनी. "आई, डॉक्टरांना सांगू नका. इथली जागा जाईल, आणि पोरगी मला कायमची तुटेल."

तुम्ही काय केलं असतं? 'जाऊ दे, एकदाच तर,' हे शब्द अगदी ओठांवर आले होते माझ्या. नातीचा बापच मी हिरावून घेते आहे की काय, असं वाटत होतं. तरी सकाळी त्यांना घेऊन इथे आले आणि त्यांच्यासमोरच डॉक्टरांना सगळं सांगितलं. मैदानभर पोचणारा माझा आवाज त्या दिवशी टेबलापलीकडे जाईना.

डॉक्टरांनी त्यांना थोडे दिवस आत ठेवलं आणि मग दिवस-विभागातली जागा पुन्हा दिली. मी विचारलं, "अजून बसतात ते तुमच्या नियमात?" ते म्हणाले, "पाय घसरला म्हणून नाव कापायचं, तर हा विभाग चालवू कोणासाठी? हां, तुम्ही लपवलं असतंत, तर तुमचं घर मात्र मी बंद केलं असतं." मी तिथेच रडले. खोटं कशाला बोलू?

जावई आज इथेच आहेत, मागच्या रांगेत, लेकीच्या शेजारी. कुठेशी लिफ्ट अडकली म्हणून यायला उशीर झाला त्यांना. मी एकदाच घड्याळ बघितलं. बरं, चारदा! गेल्या महिन्यात लेकीने त्यांना घरी परत राहायला बोलावलं. त्यांनी बेल वाजवली, आणि दार नातीने उघडलं.

डॉक्टरसाहेब, हे तुमचं देणं आहे. तुमच्या संध्याकाळी आता सुखाच्या जावोत. माझ्याकडे पत्ते तयार आहेत, भिडू मात्र उरला नाही, तेवढं लक्षात असू द्या.

आज सकाळी टेबल आवरताना डॉक्टरांना ते कुलूप सापडलं आणि त्यांनी ते मला परत दिलं. हे बघा. पण मी ते घरी नेणार नाही. नव्या डॉक्टरबाई, हे तुम्ही ठेवा. उद्या माझ्यासारखीच एखादी सासू पिशवीत असलंच कुलूप घेऊन येईल. तिला नापास करा, पण परत पाठवू नका. खणात जागा आहे.

सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाला लागलं असेल, तर शिट्टीची जुनी सवय म्हणून पोटात घाला.