इंटरकॉमवर हातवारे

भिया, इंटरकॉम म्हटलं की मला आमचे गोविंदरावच आठवतात. मिल बंद पडल्यावर ते आमच्या मल्हारगंजच्या कारखान्यात आले. सारा जन्म मागांच्या खडखडाटात गेलेला, म्हणून बोलणं सगळं हाताच्या खुणांनी. धंदा वाढला तशी मी वर केबिन केली, इंटरकॉम लावला. पहिल्याच दिवशी घंटी वाजली, उचलला तर आवाजच नाही! खाली डोकावलो, तर गोविंदराव रिसीव्हर कानाला लावून दुसऱ्या हातानं खुणा करतायत.

"अहो, तोंडानं बोला ना!"

ते जिना चढून वरच आले. "सेठजी, तुमचा चेहरा दिसला नाही, तर बात पोचली की नाही, मला कसं कळावं?"

आता सगळ्यांकडे मोबाईल आहे, मेसेज लगेच पोचतात. केबिनचं दार मी अजून उघडंच ठेवतो, यार. जिना कोणी चढत नाही.