मामांचं जुनं मृत्युपत्र

दिल्लीहून वकिली शिकून आलो आणि दिसेल त्याला मृत्युपत्र बदलायला सांगतो, म्हणून हसता ना मला? मग झरीच्या माझ्या मामांचं ऐका.

मामांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी फार पूर्वी पुतण्याच्या नावे मृत्युपत्र केलं होतं. पुढं दोघांचं बोलणंच तुटलं. मी म्हणालो, "मामा, आता मामीच्या नावे नवं करा."

"लय घाई झाली का रे मला मारायची? पेरणी उरकू दे."

पेरणी उरकली आणि मामा गेले.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात, आपल्याच शेतात. माणसं खड्डा खणायला गेली, तर पुतण्या कागद घेऊन बांधावर उभा.

"शेत माझं हाय आता. मी इकायलोय. समाधीचं रान कोण घेईल?"

मामी त्याच्या पाया पडली. तो हलला नाही. शेवटी मामांना गावाच्या स्मशानात नेलं.

परतताना मामीनं मला हळूच विचारलं, "घर तरी माझंच हाय ना रे?"

मी तो कागद वाचला होता. घरही त्यातच होतं.