सातवं कडवं

शाया : छापायचं नाही म्हणजे नाही! ते विलापाचं गाणं माझ्या आईचं आहे, तुझ्या त्रैमासिकाचं नाही.

सिदकी : शायाखाला, छापून कधीच झालंय. साठ वर्षांपूर्वी, आपलं गाव धरणात जायच्या आदल्या वर्षी. आम्ही तो जुना अंक पुन्हा काढतोय. घरच्यांचा होकार हवा, म्हणून तुम्हाला अस्वानला बोलावलं.

शाया : त्यांना दिलं कुणी?

सिदकी : तुमच्या आईनंच. 'गाणारी : नबरा' असं लिहिलंय. कैरोहून एक अभ्यासक आले होते, त्यांनी उतरवून घेतलं.

शाया : तो चष्मेवाला. आठवतो. आईनं मला शेजारी पिटाळलं होतं, खजूर निवडायला.

सिदकी : गाणं तुमच्या भावावर आहे ना?

शाया : बशरीवर. तो पाच वर्षांचा, मी नऊची. त्याला सांभाळायचं काम माझं. दुपारी माझा डोळा लागला आणि पोर नदीत गेलं. नदीतल्या माणसांनी ओढून नेलं, म्हणाले सगळे. पुढं धरणापायी आम्हाला कोम ओम्बोच्या नव्या वसाहतीत आणून टाकलं, तिथं नदी दिसायचीसुद्धा नाही. तरी आई रोज दुपारी तेच गायची. सहा कडवी. सहावं झालं की गप्प, आणि माझ्याकडे बघत राहायची. ओठ हलायचे, आवाज नाही. तीस वर्षं, सिदकी! मरायच्या दिवशीसुद्धा. अजून दुपारची चुलीपाशी बसले की मागून ऐकू येतं. सहावं संपलं की माझी मान वळत नाही.

सिदकी : सहा? खाला, इथं सात आहेत.

शाया : सहाच.

सिदकी : सात. हे बघा.

शाया : मला काय दाखवतोस, मला कुठं वाचता येतं! तुम्ही शिकलेली माणसं पदरचं घालता.

सिदकी : खाली टीप आहे. 'शेवटचं कडवं म्हणण्याआधी बाईंनी मुलीला घराबाहेर पाठवलं.'



शाया : वाच.

सिदकी : आपल्या बोलीत आहे, माझे उच्चार...

शाया : तुझे उच्चार कैरोच्या बसकंडक्टरसारखे आहेत, ठाऊक आहे मला. वाच.

सिदकी : 'शायाला झोपू दे, म्हटलं मीच, बशरी.
घागर राहिली काठावर, आण जा, म्हटलं मीच.
नदीतल्या माणसांनो, घागर परत दिलीत,
लेकरू ठेवून घेतलंत.'

शाया : पुन्हा.

सिदकी : 'शायाला झोपू दे, म्हटलं मीच...'

शाया : पुरे. म्हणजे ती त्याला नदीवर पाठवून मोकळी झाली, आणि मी... मी लग्न केलं नाही रे. तिचं पोर घालवलं, आता तिला एकटी टाकून कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणून. तिला सगळं कळत होतं.

सिदकी : रोज सांगायला जात असतील. जमलं नसेल.

शाया : परक्या चष्मेवाल्याला सांगायला जमलं!

सिदकी : हे कडवं गाळतो मी. म्हणाल तर सगळंच गाळतो.

शाया : खबरदार. सातही छाप.

सिदकी : राग नाही आला?

शाया : इतका आलाय की ती समोर असती तर... पण भांडायचं तरी कुणाशी? सही कुठं करायची, अंगठा चालेल?

सिदकी : चालेल. इथं. आता तुम्हाला गाडीपर्यंत सोडतो.

शाया : थांब. उद्या तिच्या कबरीवर जाते. तिच्या तोंडून मला ऐकायला मिळालं नाही, तर मी तिला ऐकवते. सातवं पाठ करून घे माझ्याकडून. हं, तू म्हण, मी मागून म्हणते.