हनुवटीखाली मूठ

नाही म्हणजे नाही, वन्सं. किती वेळा सांगायचं? डॉक्टरांनी कुणालाच आत सोडू नका म्हटलंय. कुणालाच म्हणजे सख्ख्या बहिणीलासुद्धा. हो, थोरली असली तरी. बसायचं तर बसा इथं बाकावर, बाक काही माझ्या बापाचा नाही — पण ती पिशवी खाली ठेवा आधी. काय आणलंय? सफरचंदं? अहो, घसा सोलून निघालाय त्यांचा त्या श्वासाच्या नळीनं, पाणी गिळताना डोळ्यांतून पाणी येतंय, आणि तुम्ही सफरचंदं घेऊन आलात! कोण खाणार ती? मी? मला सफरचंद आवडत नाही, हे इतक्या वर्षांत तुमच्या लक्षात आलं नाही. असू दे. माझं कुणाच्या काय लक्षात राहतंय.

कसे आहेत म्हणून काय विचारता — कसे असणार! छाती मधोमध कापून परत तारेनं बांधलीय. पायातली नस काढून हृदयाला जोडलीय. खोकला आला की उशी छातीशी कवटाळून खोकायचं, नाहीतर जीव जातो दुखून. हातावर जोर देऊन उठायचं नाही. आणि ते एक तीन गोट्यांचं यंत्र दिलंय, नळी तोंडात धरून श्वास ओढायचा, गोट्या वर चढवायच्या. दोन चढतात, तिसरी ढिम्म हलत नाही. मग चिडतात. कुणावर? माझ्यावर. मी म्हणते चिडा, पण ओढा. आणि काल शेजारचे मास्तर आले, तर त्यांच्यासमोर कशी झटक्यात चढवली तिसरी, वा रे वा —

हो. आले होते मास्तर. उभ्या उभ्या आले नि गेले. ते वेगळं. ते परके, त्यांच्याशी बोलावं लागत नाही. बघू नका असं माझ्याकडे. मास्तर आले, मास्तरांची बायको आली, तिनं तर तासभर स्वतःच्या गुडघ्याचं पुराण लावलं. मग? काय करणार आहात? डॉक्टरांना विचारणार? विचारा, खुशाल विचारा.

तुम्हालाच का नाही? हे तुम्ही मला विचारताय? मग ऐका. तुमच्या वडिलांचा तो खिळ्यांचा कारखाना. मशीनं सुरू झाली की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तुम्हा बहीणभावांची लहानपणापासून हाताची बोली. मान वाकडी केली की तार संपली. कोपर वर केलं की मशीन बंद कर. छातीवरून तळवा फिरवला की तेल घाल. आल्यागेल्याला काय कौतुकानं दाखवायचात तुम्ही! मग त्या दिवशी काय झालं? माझा नवरा मशीनपाशी उभा, घामानं निथळतोय, छातीवरून तळवा फिरवतोय, फिरवतोय — आणि तुम्ही तेलाचा डबा घेऊन आलात! तेल, वन्सं! तुम्हीच सांगितलंत ना मला, रडत रडत? मशीनला नीट तेल घातलंत, सगळ्या सांध्यांना घातलंत, आणि वळून बघता तर हे जमिनीवर बसलेले. पोराटोरालासुद्धा कळलं असतं, छाती दुखतेय. पण तुमची बोली! त्या बोलीत दुखण्याला शब्दच नाही, नाही का? काम, काम आणि काम.

रडू नका. इथं नाही रडायचं, सिस्टर ओरडते.

आणि कारखान्यात ठीक आहे हो, पण घरीसुद्धा? जेवायला बसलात की हात सुरू. इकडून बोटं, तिकडून बोटं, मग दोघं हसणार, आणि मी पातेलं घेऊन उभी. काय झालं, मलाही सांगा की — तर म्हणे, काही नाही, कारखान्यातलं आहे. शिकवलं कधी कुणी मला? एवढा संसार केला, पण त्या खुणांपुढं मी पाहुणीच. जे काय कळलं ते चोरून बघून.

आणि ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हा — ऐकाच आता — तोंडात नळी, बोलता येईना, हात पलंगाला बांधलेले, ओढाओढ करू नये म्हणून. मी सिस्टरला म्हटलं, एक हात सोडा, मी धरून बसते. सोडला बाईनं. मी धरायला गेले, तर झटकला! माझा हात झटकला आणि खुणा सुरू केल्या. जीव वाचल्यावर पहिली बोली कुठली, तर तुमची. कोपर वर केलं — म्हणजे मशीन बंद कर — एवढं मला ठाऊक होतं, पण श्वासाचं मशीन कसं बंद करणार? मी मान हलवली, नाही म्हटलं. तर मग ती दुसरी खूण. पुन्हा तीच, पुन्हा तीच, थांबेचनात. मला न कळायला काय झालं? त्या बोलीत हाक मारायची ती एकाच माणसाला. मी विचारलं, वन्संना बोलावू? तर डोळेच मिटून घेतले. समाधान झालं असणार. मी सिस्टरला म्हटलं, बांधा परत हात. आणि तडक निघाले, खाली पार्किंगमध्ये जाऊन बसले. संध्याकाळभर. रडले नाही, नुसती बसले. म्हणून ते शुद्धीवर आल्याचं तुम्हाला कळवलं नाही. म्हणून ते डॉक्टर आणि फिक्टर. झालं समाधान?

कसली खूण म्हणजे? आता वेड घेऊन पेडगावला जाऊ नका. ही — अशी — मूठ हनुवटीखाली, आणि खालचा ओठ बाहेर. नळीमुळे ओठ जमत नव्हता, तरी करत होते. हीच ना तुमची खूण?

हसताय? हसण्यासारखं काय — नाही, रडताय की हसताय? नीट सांगा. तुमची नाही? तुमची कान पकडायची? मग ही कुणाची?

हॅ. काहीतरीच. मी कुठं अशी बसते? कधी? लग्नानंतर पहिल्यांदा कारखान्यात आले होते तेव्हा? हो, बसले होते खोक्यावर, दिवसभर कुणी माझ्याशी बोलेना म्हणून फुगून बसले होते, पण ते — तेव्हापासून? आणि कामगारांना सगळ्यांना माहीत? मी डबा घेऊन यायचे, तर फाटकापासून एकेक जण मूठ हनुवटीला लावायचा. मला वाटायचं, दाढी खाजवतायत मेले. मी येतेय म्हणून ह्यांना सांगायचे होय?

म्हणजे शुद्धीवर आले तेव्हा — मी समोर उभी होते, वन्सं. ह्यांच्या समोर उभी. आणि हे मला — आणि मी म्हटलं, बांधा —

तुम्ही जा. आत जा. मला नका काही समजावू, समजावणाऱ्या मोठ्या. विचारतील ते, मी कुठंय म्हणून. काही सांगू नका. हात लावू नका मला, म्हणते ना! जा.